उघड्या डब्यापाशी

बजाजनगरातले माझे शेजारी कारखान्यात वायरमन होते. विजेचे काम करताना झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात ते खिशात ठेवत आणि उघडलेले यंत्र सोडून कधीही उठत नसत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला इलेक्ट्रॉनिक्स शिकण्याची हौस वाटू लागली. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून प्रयोगांसाठी वीज कशी घ्यायची, हे ते मला दाखवत होते. डबा उघडताच मी उत्साहाने बोट आत नेले. त्यांनी माझे मनगट धरले.

"थांबा सर. पिन काढली तरी आत करंट राहतो."

तेवढ्यात टँकर आला. वसाहत वाढत होती, नळ पोचले नव्हते आणि त्या दुष्काळात टँकर आठवड्यातून एकदाच येई.

"अहो, या की. पाइप मी एकटीनं कसा धरू?" त्यांच्या पत्नीने दारातून हाक मारली.

"तू हो पुढं. इथं डबा उघडा हाय."

"मी हात लावणार नाही, आपण जावे," मी ओशाळून म्हणालो.

"समदे असंच म्हणतात, सर."

टँकर निघून गेला. वहिनी दोनच कळशा घेऊन परतल्या. पिंप कोरडे राहिले. डब्यात उरलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर आल्यावर ते सौम्यपणे म्हणाले, "आता घाला हात."

कोरड्या पिंपाकडे पाहून मला तो पुढे करवेना.