आबांनी झाकलेली भिंत

बचत गटाची सहल उत्तरेला गेली होती. देवदर्शन उरकून गाडी एका आखीव शहरात थांबली. तिथं जगभर नावाजलेल्या एका परदेशी वास्तुकारानं उभारलेल्या सरकारी इमारती बघायच्या होत्या. नुसतं काँक्रीट! ना प्लास्टर, ना रंग. "अगं बाई, काम अर्धं टाकून गवंडी पळाला वाटतं," एकीनं म्हटलं आणि सगळ्या खो खो हसल्या. मलाही तिथली पटांगणं मुळीच आवडली नाहीत. उन्हात चालून टाळू तापली, बसायला झाडाची सावली नाही. पण एका भिंतीपाशी मी थांबले ती थांबलेच. भिंतीला खोल खोल खण होते. ऊन बाहेर अडत होतं आणि वारा खुशाल आत येत होता. अगं, ही तर आपली कांद्याची चाळ! कांदा सडू नये म्हणून आपण त्याला वारा देतो आणि स्वतः मात्र उकडून घेतो. माणूस मोठा खरा, मी मनात म्हटलं.

तेव्हा मांडवगण फराट्यात आमच्या नव्या घराचं काम निघालं होतं. पडवीची पश्चिमेची भिंत विटांच्या जाळीची आणि बिनप्लास्टरची, असा मी हट्टच धरला. सासरे, म्हणजे आबा, भडकले. "लोक म्हंतील, भिंत अर्धीच सोडली. गावात तोंड कुठं दाखवू?" भिंत झाली, पण अटीवर. वास्तुशांतीला पाव्हणे हसले, तर दुसऱ्या दिवशी गवंडी भोकं बुजवून प्लास्टर मारणार.

वास्तुशांतीच्या सकाळी बघते तर काय, आबांनी मंडपवाल्याचं झालरीचं कापड लावून भिंत वरपासून खालपर्यंत झाकलेली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पूजेला बसलेली, पदराला उपरण्याची गाठ, भांडणार कशी?

दुपारी पडवीत पंगत बसली. वैशाखाचं ऊन, पंखे गरम हवाच फिरवत होते. एक पाहुणा घाम पुसत म्हणाला, "आबा, घर बांधलंय का भट्टी?"

आबांचा चेहरा उतरला. त्यांचाही फेटा घामानं भिजला होता. ते उठले आणि कापडाला असा हिसका दिला की झालरीसकट सगळं खाली आलं. वारा थेट पंगतीत शिरला. पत्रावळी उडायला लागल्या, माणसं हसत हसत त्या धरायला लागली. "आता कसं! आबा, ही आयडिया कुणाची?" तोच पाहुणा म्हणाला.

मी बुंदी वाढत होते. हात तिथंच थांबला.

"आमच्या सूनबाईची," आबा मोठ्यानं म्हणाले. "लांब जाऊन बघून आली ती."

काय सांगू, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

गवंडीही पंगतीला होता. त्यानं हळूच विचारलं, "मग आबा, उद्या सिमेंटचा माल कालवायचा न्हवं?"

"कालव की. माझ्यापुरता कट्टा बांध हितं, वाऱ्याला," आबा म्हणाले. "आन् भिंतीला हात लावशील तर बघ!"