कार्डावरची तिसरी ओळ

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढे. गावात किराणा दुकानात फोन आहे, निरोप तिथेच येतात. दुकानदाराच्या मुलीने हाक मारली तेव्हा मी शेरडांना पाणी दाखवत होते. फोनवर संतोष होता, माझ्या वर्गातला, औंधचा. एरवी त्याचा आवाज फोनशिवायही ऐकू येईल असा. त्या दिवशी मात्र तो अडखळत बोलत होता. "सुरेखा, जाधव मॅडम वारल्या गं... काल." आणि मी पहिलं काय बोलले असेन? "कुणी सांगितलं?"

"पवारमामांनी." पवारमामा म्हणजे आमच्या ग्रंथालयाचे शिपाई. "मामांनी बघितलं का?"  संतोष म्हणाला, "मीबी त्योच इचार करतोय. म्हणून तुला फोन लावला. खोटंबी आसंल, न्हाई का?"

मी लगेच तासगावला वर्गातल्या रेश्माला फोन केला. तिलाही कळलं होतं. कुणाकडून? पवारमामांकडूनच. ते ऐकून मला चक्क हायसं वाटलं. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण दोघांनी सांगितलं म्हणून बातमी दोनदा खरी होत नाही, दोघांच्या बातमीचं मूळ एकच असेल तर ती एकच बातमी धरायची, हे मला जाधव मॅडमनीच शिकवलं होतं. घरी आई म्हणाली, "आगं, मरणाची बातमी कोन खोटी सांगतंय व्हय?" मी म्हणाले, "आये, मामांनी डोळ्यांनी बघितलेलं न्हाई."  आईने माझ्यापुढे ताट सरकवलं.

जाधव मॅडम सांगलीला आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. गेल्या वर्षी ग्रंथालयात एक संगणक आला आणि ऑफिसच्या टेलिफोनची वायर ओढून त्याला इंटरनेट जोडलं. ऑफिसला फोन करायचा असला की आमचं इंटरनेट बंद. दर शनिवारी मॅडम आमचा तास घेत, माहिती कशी शोधायची याचा. तो अभ्यासक्रमात नव्हता, त्याला गुण नव्हते. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. मला वाटलं होतं, संगणक शिकायचा म्हणजे बटणं शिकायची. पहिल्या शनिवारी मॅडमनी आम्हाला संगणकाला हातच लावू दिला नाही. पुस्तकांच्या यादीची जुनी, बाद झालेली कार्डं वाटली आणि कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहायला सांगितल्या. मला काय शोधायचं आहे? हे कुणी सांगितलं? सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का? कार्ड भरल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. फोनची लाइन जोडली जाताना संगणक किरकिरायला लागला की त्या चष्म्यावरून बघायच्या, कार्ड हातात आहे का म्हणून.

एकदा आम्हाला औंधच्या यमाईची माहिती शोधायला दिली. परदेशातल्या कुणीतरी लिहिलेलं एक पान मिळालं. ते उघडेपर्यंत पवारमामांचा चहा पिऊन झाला. त्यात लिहिलं होतं, देऊळ नदीकाठी आहे. संतोष उसळून उभा राहिला. "आवं मॅडम, देवी डोंगरावर हाय! ह्यो कोन शाना?" मॅडमनी आम्हाला विचारलं, "आता कुणाचं खरं मानायचं? इंग्रजीत छापून आलंय त्याचं, की संतोषचं?" सगळे ओरडले, "संतोषचं!" "का?" "त्यो तिथला हाय." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "संतोष, तू डोंगर चढलायस?" संतोष खाली बघायला लागला. "म्या न्हाई... खालनं दिसतंय की देऊळ. वर आज्जी जाती." "म्हणजे वरचं सगळं तुझंही ऐकीवच की रे!" वर्ग इतका हसला की ऑफिसातून कुणीतरी डोकावलं. पुढच्या सुट्टीत संतोष डोंगर चढून आला आणि त्याने देवीचं कुंकू कागदाच्या पुडीत घालून पुरावा म्हणून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी ते कपाळाला लावलं आणि त्याच्या कार्डावर तिसऱ्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने 'हो' लिहिलं.

मी सहसा काही विचारत नसे. माझी भाषा ऐकून कुणी हसेल असं वाटायचं. दिवाळीआधीच्या शेवटच्या तासाला मात्र धीर करून विचारलं, "मॅडम, दोन हजार साल लागलं की समदे संगणक बंद पडणार म्हणं?" त्या हसल्या नाहीत. "कुणी सांगितलं?" "पेपरात आलंय. समदेच म्हणत्यात." "सगळे म्हणतात, पण अजून कुणी पाहिलंय का?" त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेवटचं पान उलटलं. "एक जानेवारी शनिवारीच येतोय. आपला तासच आहे. सकाळी येऊ, बटण दाबू, डोळ्यांनी बघू. तू दाब." ... ही आमची शेवटची भेट.

संतोषच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मी निघाले. मॅडमचं घर सांगलीशेजारी माधवनगरला होतं. सगळा रस्ता मी बातमीत खोट शोधत होते. मामांना कमी ऐकू येतं. कॉलेजात जाधव मॅडम दोन आहेत. आजारी असतील, दवाखान्यात असतील... घराबाहेर गर्दी दिसली नाही, तेव्हा तर मला खात्रीच वाटायला लागली.

पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मॅडमचे वडील, आप्पा. पूर्वी सूतगिरणीत कामाला होते, एवढं मला माहीत होतं. मी म्हणाले, "मी मॅडमची विद्यार्थिनी." पुढे काय विचारायचं ते सुचेना. त्यांनीच विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

मॅडमचाच प्रश्न. "पवारमामांनी... म्हणजे, त्यांनी संतोषला सांगितलं."

"पवारला मीच सांगितलं, पोरी."

मी उभीच होते. ते म्हणाले, "डोकं दुखतंय म्हणाली आन् बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात हात माझ्याच हातात हुता."  नंतर ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गिरणी बंद पडली तवा मी रोज घरी येऊन सांगायचो, पुढच्या म्हैन्यात सुरू हुतीया. ही एवढीशी हुती. रोज इचारायची, आप्पा, कुणी सांगितलं? लय राग यायचा मला..."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कॉलेज सुरू आहे, मी अजून भानावर नाही. मॅडमनी शिकवलेलं सगळं मी केलं. बातमीचा माग काढला, मुळापर्यंत गेले, आणि मुळाशी हे होतं.

मॅडमची खुर्ची अजून संगणकाशेजारी आहे. पवारमामा ती उचलायला लागले तेव्हा संतोष म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ द्या की. एक तारखंपतूर तरी." मामांनी ती तशीच परत ठेवली.

एक जानेवारीला आम्ही सकाळी जाणार आहोत. बटण मी दाबणार आहे. कार्डावर पहिल्या दोन ओळी मी भरून ठेवल्या आहेत. तिसरीत काय लिहायचं ते त्या दिवशीच कळेल. लिहून झालं की ते कार्ड मी सवयीने खुर्चीकडे वळून दाखवणार, हे मला आत्ताच माहीत आहे.