लोंबत्या छताखालची नम्रता

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीत एका निवृत्त अधिकाऱ्याकडून एक जुनी पांढरी गाडी विकत घेतली. गोल टपाची, फुगीर बॉनेटची, तेव्हा सरकारी कचेऱ्यांसमोर उभी असायची तसली. इंजिन ठणठणीत होतं. खोट एकच होती आणि ती डोक्यावर होती. टपाला आतून चिकटवलेलं कापड सुटून लोंबत होतं. मधोमध त्याला चांगलं पोट आलं होतं आणि गाडीनं वेग घेतला की ते पोट वरखाली व्हायचं. गाडी दाखवताना साहेबांनी तिकडं एकदाही पाहिलं नाही. जन्मभर मान खाली घालून सह्या केलेल्या माणसाला वर पाहायची सवय तरी कुठून असणार?

मी बारामतीत राहायचो आणि इंदापूरला कॉलेजात शिकवायचो. मी बुटका असल्यामुळे मला त्या कापडाचा काही त्रास नव्हता. त्रास होता माझ्या वडिलांना. त्यांना सगळे आबा म्हणत.

आबा शेळगावच्या पुढं आमच्या वाडीवर राहायचे. आजोबांनी मेंढरं राखली. आबांनी मेंढरं विकून विहीर पाडली, टोमॅटो आणि डाळिंबं केली, पण डोक्यावरचं पांढरं पागोटं तेच ठेवलं. ते उतरायचं झोपताना, नाहीतर घरात कुणी गेलं तर. त्यामुळे गाडीत बसायचं म्हणून पागोटं मांडीवर घेतलं असतं, तर वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकानं "कोण गेलं?" म्हणून विचारलं असतं. दुसरा उपाय मान वाकवून बसण्याचा होता. तो आबांना सुचणं शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा गाडीत बसले ते ताठच बसले. पागोटं वरच्या कापडात रुतलं. कापडामागच्या स्पंजचा जुना होऊन पिवळा भुगा झाला होता. तो एका फाटक्या जागेतून वाटभर आबांच्या डोक्यावर झिरपत राहिला. पिंपळीला पाहुण्यांच्या दारात उतरलो, तर ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं कपाळावर हात धरून नीट पाहिलं.

"व्हय आबा, कुठल्या देवाचा भंडारा उधळून आलाय?"

"भंडारा कसला म्हातारे," आतून तिच्या लेकानं भर घातली, "हळद लागलीया आबास्नी. नवरी कुठली ते इचार."

सगळे हसले. आबा हसले नाहीत आणि त्यांनी पागोटंही झटकलं नाही. परत जाताना ते एष्टीनं गेले. मी फार आग्रह केला तेव्हा एवढंच म्हणाले, "एष्टीचा टप तरी जाग्यावर हाय."

त्यानंतर ते माझ्या गाडीत बसले नाहीत.

पुढं वाडीच्या शाळेसाठी नवी खोली बांधली गेली. ती बांधली गेली आबांनी दिलेल्या जागेवर. उद्घाटन उन्हाळ्यात ठरलं. आबांनी आयुष्यात माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, पण त्या वेळी म्हणाले, "त्या दिवशी फाट्यापासनं शाळेपातूर तुझ्या गाडीतनं जाऊ. पर मान वर ठिवून."

मी इंदापूरच्या कुशनवाल्याकडं गेलो. सीटा शिवणारा, कव्हरं घालणारा असा तो तिथला नामांकित माणूस. त्यानं दोन बोटांनी कापड दाबून पाहिलं. "सर, जुना स्पंज सगळा खरवडावा लागंल. त्याच्यावरच डिंक लावला तर धरत न्हाय. गाडी दोन दिवस सोडावी लागंल."

"सोडतो."

"आत्ता न्हाय. लग्नसराई हाय."

लग्नसराई संपेना. मी दर आठवड्याला जायचो आणि तो दर वेळी पुढचा आठवडा दाखवायचा. मधल्या काळात मी बायकोच्या सेफ्टी पिना लावून पाहिल्या. पोटाऐवजी चार पोटं झाली.

अशात शाळा समितीचे अध्यक्ष बारामतीला घरी आले. नात्यानं माझे चुलतभाऊ, पण अध्यक्ष झाल्यापासून नात्यानं बोलत नसत.

"मास्तर, गाडी लागती तुमची. प्रमुख पाहुण्यांना फाट्यापासनं शाळेपातूर मिरवायचंय."

"ते काय चालत येणार आहेत? त्यांची गाडी असेल की."

"हाय की. पण निळी हाय. मिरवणुकीला पांढरी पाहिजे."

"आणि आबा?"

"आबांचं घर तर शाळेला लागून हाय. चालत आले तरी चालंल."

म्हणजे जागा घराजवळची दिली, हा आबांचाच दोष. मी नाही म्हणालो. छत लोंबतंय, असं कारणही दिलं. "ते आमच्यावर सोडा," अध्यक्ष म्हणाले. मी पुन्हा नाही म्हणालो. तेव्हा ते वाडीवर जाऊन आबांकडूनच निरोप घेऊन आले, "दे गाडी. शाळेचं काम हाय."

ज्या कुशनवाल्याला माझ्यासाठी सवड नव्हती, त्याला पाहुण्यांसाठी अख्खी दुपार सापडली. गाडी आणायला गेलो तर आत लाल मखमल आणि कडेनं सोनेरी झालर. एखाद्या नाटक मंडळीचा पडदा डोक्यावर ताणावा तसं दिसत होतं.

"खरवडायचं काय झालं?" मी विचारलं.

"वेळ कुठं होता सर? जुन्यावरच मारलीया. अध्यक्ष म्हनले, झकास दिसलं म्हंजे झालं."

उद्घाटनाच्या दिवशी फाट्यावर पाहुण्यांना फेटा बांधला, भलामोठा, वर ताठ तुरा. आमच्याकडं यजमानानं बांधलेला फेटा त्याच्या गावची शीव ओलांडेपर्यंत काढत नाहीत. काढला तर तो अपमान. पाहुणे मागं बसले, अध्यक्ष पुढं, मी चाकावर. मला फेटा नव्हता. ड्रायव्हरला कोण बांधतो?

पुढं हलगी, त्यामागं लेझीम, त्यामागं आम्ही, मुंगीच्या चालीनं. भर दुपारी टपाचा तवा झाला आणि डिंकानं आपला धर्म पाळला. आरशात मला लाल मखमलीचं पोट हळूहळू उतरताना दिसलं. ते आधी तुऱ्यावर टेकलं. तुरा वाकला. मग पाहुणे वाकले. फेटा काढता येईना. हातानं कापड वर लोटता येईना, कारण दोन्ही हात नमस्कारात गुंतलेले. शाळा येईपर्यंत त्यांची हनुवटी छातीला लागली होती.

दोन्ही बाजूंच्या बायाबापड्यांनी एवढंच पाहिलं, की एक मोठा माणूस हात जोडून, मान खाली घालून चाललाय.

"काय मानूस हाय बाई! कसली म्हनून घमेंड न्हाय."

मला वाटलं, हे रस्त्यावरचं रस्त्यावर राहील. पण अध्यक्षांनी तेच उचलून भाषण केलं. फळं लागलेलं झाड वाकतं, वगैरे. तिथवर मी ऐकून घेतलं. आबांना मंचावर खुर्ची नव्हती. ते मांडवाच्या खांबाजवळ नेहमीसारखे ताठ बसले होते. अध्यक्षांनी तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "न्हायतर आपल्यात काय जणं हायेत. एक तुकडा दिला, तर मान खाली यायला तयार न्हाय!"

मांडव हसला. पाहुणेही हसले, मान चोळत.

मी खूप भाषणं ऐकली आहेत आणि पगार घेऊन काही केलीही आहेत. पण डिंक सुटल्यामुळे आलेल्या नम्रतेचं कौतुक आणि स्वतःच्या मानेवर सरळ बसलेल्या माणसाची टिंगल, ज्याच्या जमिनीवर उभं राहून ती चालली होती त्याचीच, हे मला सहन झालं नाही. मी उठलो, मांडवाबाहेरच्या गाडीत शिरलो आणि झालर धरून ओढली. मखमल आली, तिच्यामागं जुनं कापड आलं, स्पंज आला, पिना आल्या. उरलेलं नखांनी ओरबाडलं. अध्यक्ष धावत आले.

"मास्तर, याड लागलं का? पाहुण्यांना परत फाट्यावर सोडायचंय!"

"त्यांची निळी आहे ना? जाताना रंग चालतो."

त्यांच्यामागून आबा बाहेर आले. मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो. त्यांनी मला न्याहाळलं.

"कुठल्या देवाला जाऊन आलास?"

मग दार उघडून ते मागच्या सीटवर बसले. डोकं हळूच वर नेऊन अंदाज घेतला. पागोटं आणि उघडा पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा होती.

"चल. फाट्यापातूर. आन् परत."

टप खडखडत होता आणि आत भट्टी पेटली होती. मिरवणूक पाहायला आलेल्या बाया अजून बाभळीच्या सावलीला बसल्या होत्या. आबांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, हात काही जोडले नाहीत. एक म्हातारी हसत ओरडली, "आबा, वाईच मान खाली घाला की! त्यो पाव्हना बघा कसा गेला!"

आबांनी मला गाडी थांबवायला लावली, काच पूर्ण खाली केली आणि तिला सांगितलं, "त्याच्या टायमाला टप खाली हुता."