गाझाच्या बाईंचा वर्ग

मी कॉमिक्स काढते, पण सुपरहिरोंची नाही. खऱ्या माणसांना भेटते, त्यांच्याशी बोलते आणि त्यांची हकिगत चित्रांतून सांगते. लंडनच्या एजवेअर भागातल्या आमच्या ओळखीच्या काकू अजूनही विचारतात, "ते ठीक आहे गं, पण नोकरी काय करतेस?"

लंडनजवळच्या वॉटफर्डला एक बाई लेकीकडे राहायला आल्या होत्या. गाझात त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. घर बॉम्बहल्ल्यात गेलं, मग एक तंबू, तिथून उठून दुसरा तंबू, आणि शेवटी इथे. फोटोला त्यांनी साफ नकार दिला, कारण नातलग अजून तिकडेच होते. "चित्र काढ. पण चेहरा माझा नको."

तंबूतही त्या मुलांना शिकवत, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच पेन्सिलने काढून दाखवलं: फाटका तंबू, गप्प बसलेली मुलं, खाली मान घातलेल्या बाई. ते बघून त्या खो खो हसल्या.

"हा वर्ग आहे की मयत? माझी मुलं कधीच गप्प बसायची नाहीत!"

मग उठून, कंबरेवर हात ठेवून, त्यांनी सगळा वर्गच करून दाखवला. त्यातली एक पोरगी रोज भांडायची. इंग्रजीत 'मी' कॅपिटलमध्ये लिहायचं, मग 'आम्ही' का नाही? "आम्ही तर जास्त जण आहोत!"

चहा घेऊन आलेली लेक दारातच थांबली. "आई अशी हसलेली किती दिवसांनी बघतेय," ती मला हळूच म्हणाली.

मी नवा कागद घेतला आणि ती भांडखोर मुलगी अगदी पुढे काढली.

कॉमिक छापून आलं, ऑनलाइन फिरलं. काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "काय झालं?" मी घाईघाईने विचारलं.

"त्या भांडखोर मुलीच्या आईने मला शोधून कैरोहून मेसेज केलाय. चित्रातलं भांडण वाचून तिने ओळखलं. आम्ही तंबू सोडल्यापासून त्यांचा काही पत्ता नव्हता गं. पोरगी सुखरूप आहे!"

त्या रविवारी बाईंनी मला जेवायला बोलावलं. वांगी घातलेला भात पातेलं उपडं करून ताटात काढला आणि मला पहिलं वाढलं. आभार कोणी कुणाचे मानायचे, हेच कळेना. तेवढ्यात कैरोहून व्हिडिओ कॉल आला. पोरगी माझ्याकडे निरखून बघत होती.

"माझे केस एवढे आखूड नाहीत," ती म्हणाली.

मी सॉरी म्हटलं. इतक्या आनंदाने मी कधीच कुणाची माफी मागितली नव्हती.