बिल्ला कानात नव्हता

आमची म्हैस साप चावून मेली, असं सरकारी डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं. कंपनीची त्याला हरकत नव्हती. मेलेली म्हैस आमचीच होती, एवढंच तिला पटत नव्हतं.

मी मूळची तळकोकणातली. सातवीत शाळा सुटली आणि लग्नानं शिरपूरच्या कडेला एका गल्लीत आले. नवरा जिनिंगमध्ये कामाला, म्हणजे कापूस असेल तोवर कामाला. बाकीचं वर्ष म्हैस ओढायची. ती गेली त्या दिवशी नवरा एवढंच म्हणाला, "विमा मिळाला तर दुसरी म्हैस. नाहीतर सुरत." सुरतेत त्याचा भाऊ एका खोलीत बिऱ्हाड करून आहे, तिथंच कोपऱ्यात आम्ही. एकदा घर सोडून मी इतक्या लांब आले होते. इथली बोली समजायला लागली, इथली भाकरी थापता यायला लागली, तेव्हा कुठं रात्रीची झोप लागत होती. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायची माझ्यात ताकद नव्हती.

विमा उतरवताना म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला होता. पुढच्या पावसाळ्यात कान चिघळला, त्यात किडे पडले. विम्याचे साहेब हप्ता घ्यायला आले ते नाकाला रुमाल लावूनच गोठ्यात शिरले.

"काढून टाका तो बिल्ला, वहिनी. मुका जीव आहे."

"पण साहेब, उद्या काही झालं तर?"

"मी आहे ना! बिल्ला जपून ठेवा म्हणजे झालं."

त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला. डॉक्टरांकडून बिल्ला काढून घेतला. कान बरा झाला. बिल्ला मी धुऊन देव्हाऱ्यात ठेवला. कंपनीची वस्तू, हरवली तर काय घ्या! वसुबारसेला त्याला हळदकुंकूही लागलं. बाळकृष्णाच्या शेजारी तो चांगला शोभायचा.

हप्त्याबरोबर म्हशीचा फोटो लागतो. पुढच्या हप्त्याला साहेब म्हणाले, "बिल्ला हातात घ्या आणि कानाजवळ धरा. जरा वर. म्हशीला इकडं बघायला सांगा." मी सांगितलं. म्हशीनं ऐकलं नाही, पण साहेबांचं समाधान झालं. चहा झाला, हप्ता झाला, पावती झाली. पुढच्या वर्षीही तसंच. मी देव्हाऱ्यातून बिल्ला काढायची, कानाजवळ धरायची, साहेब म्हणायचे, "छान!" मला आपली धाकधूक असायची, म्हणून दर वेळी विचारायची, "नवा बिल्ला ठोकायचा का?" ते हसायचे. "वहिनी, तुम्ही फार काळजी करता."

म्हैस मेल्यावर कंपनीचं पत्र आलं. सुरुवातीला आमच्या दुःखात सहभागी असल्याचं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की मृत जनावराच्या कानात बिल्ला आढळला नाही, सबब दावा नामंजूर. साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "वरचा निर्णय आहे, वहिनी." वर म्हणजे नेमकं कुठं, ते त्यांनाही माहीत नसावं.

शेजारच्या अक्कांनी मला रडताना पाहिलं. सगळं ऐकून घेतलं आणि त्या भडकल्या. "म्हैसनी वळख बठ्ठी गल्लीले शे, आन् कंपनीले नही? चहा पेवाना टाइमले बरी वळख व्हती!" दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एसटीत बसवून धुळ्याला नेलं, त्यांच्या ओळखीच्या एका वकीलताईंकडं. तिकीट त्यांनीच काढलं. मी पदराची गाठ सोडायला लागले, तर माझ्या हातावर चापट मारली.

वकीलताईंनी समजावून सांगितलं. "बिल्ला नाही हे कंपनीला माहीत होतं. तरी तिनं दोनदा हप्ता घेतला. म्हणजे ती अट तिनं स्वतःच सोडून दिली. तुम्ही तिच्या शब्दावर विसंबून राहिलात, आता तिला फिरता येत नाही. कायद्यात याला विबंध म्हणतात." मी मान हलवली. नाव अवघड होतं. गोष्ट मात्र आमच्या गल्लीतल्या भांडणात रोज निघते.

ग्राहक आयोगात कंपनीचे वकील काळा कोट सावरत उठले. "पॉलिसीत जे वगळलंय, ते कुणा साहेबाच्या गोड बोलण्यानं आत येत नाही. आज बिल्ला नसलेली म्हैस आणतील, उद्या म्हैस नसलेला बिल्ला आणतील!"

मला वाटलं, संपलं. डोळ्यांपुढं सुरतेची खोली आली.

वकीलताई म्हणाल्या, "साप चावून मरणं पॉलिसीच्या आतच आहे, ते कुणी वगळलेलं नाही. बिल्ला फक्त ओळख पटवायला. ती यांनी दोनदा फोटो काढून पटवून घेतली." आणि कंपनीच्याच फायलीतले फोटो त्यांनी पुढं ठेवले.

अध्यक्ष मॅडमनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "वकीलसाहेब, कानापाशी हिरव्या बांगड्या दिसतात. तुमच्या कंपनीच्या म्हशी बांगड्या घालतात का?"

वकीलसाहेब फाइल चाळू लागले.

"आणि हे बघूनच पावती दिली ना?"

"हो, म्हणजे... दिली."

मागच्या बाकावरून अक्का मोठ्यांदा म्हणाल्या, "आते कशी!" शिपायानं त्यांना गप्प केलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनी वर गेली नाही. वकीलताईंनी फीचं नाव काढलं नाही. मी त्यांना खरवस नेऊन दिला, नव्या म्हशीचा.

नव्या म्हशीला बिल्ला ठोकायला तेच साहेब आले. जरा खाली बघून बोलत होते. बिल्ला ठोकून झाल्यावर त्यांनी मोबाइल काढला. "वहिनी, फोटो." मी म्हटलं, "थांबा." अक्कांना हाक मारली. अक्कांनी गल्लीला हाक मारली. कुणी पीठ लागलेल्या हातानं आली, कुणी पोर कडेवर घेऊन.

"अहो, म्हशीचा फोटो आहे, लग्नाचा नाही!" साहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या सायेब," अक्का म्हणाल्या. "उद्या वळख पटाले पाहिजे ना."

तो फोटो मी आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "म्हस बरी आसा गो. पण ह्यात तू खंयची?"

"अक्कांच्या शेजारची," मी म्हटलं.