घसरलेले छेद

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते, न्हायतर उद्या कामाला लागले की परत राहून जाईल.

आमच्या क्लासमधल्या गणिताच्या मॅडम अपूर्णांक लिहायच्या आधी हवेत बोटानं आडवी रेघ मारायच्या. "आधी रेघ गं. घर बांधल्याशिवाय माणसं कुठं ठेवतीस?" मग फळ्यावर रेघ, वर अंश, खाली छेद.

कबनूरहून एसटीनं यायच्या. घराला लागूनच यंत्रमाग धडधडायचे, त्यामुळं पेपर काढायचं काम क्लास सुटल्यावर माझ्याच टेबलावर चालायचं. मी तिथं ऑफिस बघते. हातानं लिहिलेले पेपर क्लासच्या मालकांनी बंद केलेले, म्हणून सगळं वर्डमध्ये. दिवसभर उभं राहून मॅडमचे पाय सुजलेले असायचे. चप्पल काढून खुर्चीत टेकायच्या आणि एका बोटानं सुरू! मला बघवायचं न्हाय.

"मॅडम, द्या की, मी करते पटपट."

"तू नको. लई पळतीस तू. गणित माझं हाय, मीच बसवणार."

पण बसवायच्या कसं? अंशाला अंडरलाइन करायची, मग खालच्या ओळीत स्पेस दाबत दाबत छेद बरोबर त्याच्याखाली आणायचा. स्क्रीनवर एकदम झकास. मालकांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. तिथं उघडल्यावर सगळे छेद घसरले आणि कुणी न बघताच पेपर छापला. परीक्षेत पोरं घामाघूम. उत्तर येईना म्हणून एक पोरगी रडायला लागली. मॅडमनी तिचा पेपर हातात घेतला आणि तिथंच बाकावर बसल्या. "तुझं काय चुकलं न्हाय बाळ," एवढंच.

मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता मॅडम. तयार पेपर विकत आणू."

"एक डाव बघा की सर. शिकते मी ते."

"बघू."

त्याच संध्याकाळी मी दाखवलं. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबलं की समीकरणाची चौकट येते, त्यात अपूर्णांक निवडला की रेघ तयार, वर-खाली रिकामे चौकोन. मॅडम बघतच राहिल्या.

"आगं, हे पण आधी रेघच मारतंय की!" आणि हसल्या. लई दिवसांनी.

मग रोज तेच. वर्गमुळात कर्सर अडकायचा. "निघ की भायेर, बाबा!" म्हणून स्क्रीनलाच दम. डोळे चोळायच्या, एसटी चुकायची, पुढची धरायच्या. शेवटी झाला पुढच्या परीक्षेचा पेपर! मी क्लासमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितला. एक छेद हलला न्हाय.

मालकांनी चाळला. "छान झालाय ओ. पण तयार सेट कालच आलेत."

परीक्षेदिवशी सकाळी मॅडम माझ्याकडं आल्या. "माझ्या पेपरची एकच प्रत काढ."

पोरं विकतचा पेपर सोडवत होती, आणि देखरेखीला बसलेल्या मॅडम मागच्या बाकावर स्वतःचाच पेपर सोडवत होत्या. पेन घेऊन, पहिल्या गणितापासनं, मान खाली घालून. मी दारातूनच परत फिरले.

पुढच्या टर्मला त्या आल्याच न्हाईत. गुडघे दुखतात म्हणून कळवलं.

खरं सांगा, तुमच्या बघण्यात असं कुणी हाय का, जे सगळं शिकून तयार झालं आणि तवर त्याची कुणी वाटच बघत नव्हतं?