गोलाई चौऱ्याऐंशी इंच

मार्चच्या चौदा तारखेला भंडाऱ्याच्या दुकानात मी नऊ हजार पाचशे रुपये मोजून दिले. हजर तिघे होतो: मी, माझा साळा आणि दुकानदार. घेतली ती ओंडक्याच्या जागेवरच फळ्या पाडायची लोखंडी चौकट. चेनसॉ साळ्याकडे होता. ही चौकट त्याच्या पात्यावर कसायची आणि ओंडक्यावरून सरकवत न्यायची.

बाबांनी लावलेला आंबा फेब्रुवारीच्या वादळात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवा झाला होता. चहूबाजूंनी उन्हाळी धान उभं. ट्रॅक्टर आत जाईना, म्हणून ओंडका लाकूड चिरायच्या आरा मशीनवर नेणं शक्य नव्हतं. कापणीपर्यंत थांबावं, तर आंब्याला घुण, लाकूड पोखरणारी कीड, लागतो. आणि बाबा थांबतील याचाही भरवसा नव्हता. डॉक्टरांनी औषधं बंद करून फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या ठेवल्या होत्या. बाबांनी एकच मागितलं होतं, त्या आंब्याचं तखत, सपरीत, घरापुढच्या पडवीत टाकायला.

"त्याच्यावर निजीन, बाबू. मले दुसरं काही नाही पाहिजे."

दुकानात दोन चौकटी होत्या. चोवीस इंची साडेनऊ हजारांना. छत्तीस इंची चौदा हजारांना, पण तिला लांब पातं आणि जास्त ताकदीचं मशीन लागणार, म्हणजे वर आणखी बावीस हजार.

"भाऊ, लाकूड किती रुंद हाये?" दुकानदाराने विचारलं.

"एकवीस इंच," मी म्हणालो.

सुतळी गुंडाळून गोलाई घेतली होती, चौऱ्याऐंशी. तिचा चौथा हिस्सा एकवीस. आमच्याकडे लाकूड असंच मोजतात. बाबांनी धुऱ्यावरचे साग ठेकेदारांना याच मापाने विकले होते.

दुसऱ्या दिवशी शेतात चौकट ओंडक्यावर बसेना. साळ्याने टेप आडवा धरला. सत्तावीसला पाव इंच कमी.

"भाऊजी, चौथाई केली का तुम्ही?" तो हसायला लागला. "अजी, ते तर ठेकेदाराचं माप! लोकाईले लुटाचं. तुम्ही तर स्वतःलेच लुटलं!"

मला हसू आलं नाही. घेराला तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागलं की रुंदी निघते, हे मला सातवीपासून येत होतं.

मोठी चौकट घ्यायची तर छत्तीस हजार. तेवढे नव्हते. मग ओंडक्याच्या दोन्ही बाजू हाताने तासून चोवीसच्या आत आणायच्या ठरल्या. साळ्याला नोकरीतून फक्त रविवारी सवड. तासायला तीन रविवार गेले, फळ्या पाडायला चौथा. लाकूड फारसं वाया गेलं नाही. दिवस गेले.

रोज संध्याकाळी बाबा विचारत, "झालं का?" मी म्हणे, "होऊन राहिलं." एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

फळ्या पुरत्या वाळल्या नव्हत्या, तरी सुताराने तखत करून आणलं. मी आणि सुताराने बाबांना उचलून त्यावर निजवलं. ते इतके हलके झाले होते की एकट्याने उचलले असते. त्यांनी तळहात फळीवर फिरवला. पाठीला, खुब्याला हाडंच उरली होती. पाच मिनिटं दात आवळून पडून राहिले.

"चांगलं झालं," म्हणाले. मग हळूच, "टोचते रे, बाबू. मले खाटेवर ने."

गादी टाकून पाहिली. तरी नको म्हणाले.

सुताराशी मजुरी अडीच हजार ठरली होती, ती मी त्याच्या हातावर ठेवली. रिकामं तखत पाहून त्याने पाचशे परत करायला हात पुढे केला. मी घेतले नाहीत. अडीच हजार रुपये, रोख, सुताराला.